पाच वाजताची रात्र

आमच्या घरात संध्याकाळी पाच वाजता एका झाडाची रात्र होते. झाड पॉइन्सेटियाचं. आणलं तेव्हा लालभडक होतं, पुढे हिरवंगार झालं, आणि ते पुन्हा लाल करण्याची दुर्बुद्धी मला सुचली. खत घातलं, उन्हात ठेवलं, गोंजारलं. झाड फोफावलं, लाल व्हायचं नाव नाही. मग कळलं की याला आठ-दहा आठवडे रोज सलग 14 तास मिट्ट काळोख लागतो. एवढी झोप फक्त आमच्या चिरंजीवांनाच लागते, असा माझा समज होता.

म्हणून गिझरचा रिकामा खोका. पाचला घालायचा, सकाळी सातला काढायचा. रविवारीसुद्धा. कुणाकडे चहाला बसलो असलो तरी साडेचारला माझी चुळबुळ सुरू. "घरी लहान बाळ आहे का?" असं एकदा कुणी विचारलं, तर मी सरळ हो म्हणालो. समजावत बसण्यापेक्षा ते सोपं.

गोम अशी की हे झाड दिवस नाही, रात्र मोजतं. मध्येच दिवा लागला की मोजणी पुन्हा एकपासून. दिवस-रात्रीच्या लांबीवर फुलणं ठरतं, हे गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1920 साली तंबाखू आणि सोयाबीनचे प्रयोग मांडून जगाला सांगितलं. तेही कुंड्या रोज अंधारात नेत आणि बाहेर काढत. त्यांना त्याचा पगार मिळत होता, हे मला घरात वरचेवर ऐकवलं जातं.

खोक्याच्या फटींना चिकटपट्टी लावली. वर जुनी घोंगडी टाकली. रात्री पाणी प्यायला उठणाऱ्यांनी भिंत चाचपत जावं, असा फतवा काढला. तिसऱ्या दिवशी माझीच करंगळी स्टुलावर आपटली. तरी मनाला स्वस्थता नाही. एका रात्री दोन वाजता शंका आली, की आत खरंच अंधार असेल ना? उठलो, घोंगडी बाजूला केली, खोका वर उचलला आणि नीट वाकून पाहिलं.

मागून आवाज आला, "अहो, काय करताय?"

"आत अंधार आहे का बघतोय."

"टॉर्च लावून?"

त्यावर मी काहीच बोललो नाही. टॉर्च मात्र विझवला.

नवव्या आठवड्यात वरची पानं लाल झाली. परवा पाहुणे म्हणाले, "काय सुंदर फुलं हो!" मी म्हणालो, ती फुलं नव्हेत, पानंच आहेत रंगलेली, फुलं म्हणजे मधले ते पिवळे दाणे. "कुठे, कुठे?" म्हणत ते खाली वाकले आणि नीट दिसावं म्हणून त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावला.

मी इतक्या जोरात ओरडलो, की त्यांच्या हातचा चहा कुंडीत सांडला.