शंभर रुपयांची गोळी आणि उंदरांवरचा पुरावा

कॅन्सरचे उपचार आटोपून घरी आलेल्या माणसाच्या फोनवर एक मेसेज हमखास येतो. टाटा हॉस्पिटलने कॅन्सर पसरू न देणारी, परत येऊ न देणारी गोळी शोधली आहे. किंमत फक्त १०० रुपये. नैसर्गिक असल्याने अपाय शून्य. औषध कंपन्यांना ती नको आहे, म्हणून डॉक्टर सांगत नाहीत. शेवटी सल्ला: गोळी मिळेपर्यंत काळी द्राक्षं खा आणि तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्या. पाठवणारा आपुलकीनेच पाठवतो. पण यावर विसंबून कुणी तपासणी चुकवली किंवा चालू औषध सोडलं, तर ते जिवावर बेतू शकतं. म्हणून त्यातला एकेक दावा तपासू या.

"टाटाने शोधली" हे निराधार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटा मेमोरियल सेंटरचे डॉ. राजेंद्र बडवे यांनी एका वृत्तवाहिनीला या संशोधनाची माहिती दिली होती. त्यामागे डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाचं अनेक वर्षांचं काम आहे. त्यांची मांडणी अशी: केमो किंवा रेडिएशनने मरणाऱ्या कॅन्सरच्या पेशींमधून क्रोमॅटिनचे (डीएनए आणि प्रथिनांच्या गुंत्याचे) बारीक कण बाहेर पडतात, रक्तातून फिरतात आणि निरोगी पेशींत शिरून त्यांनाही बिघडवतात. गोळीत रेस्व्हेराट्रॉल (काळ्या द्राक्षांच्या सालीत असणारं द्रव्य) आणि तांबं असतं; ते एकत्र आले की ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू तयार होतात आणि ते हे कण मोडून टाकतात. कल्पना गंभीर आहे, तिचा आदरच वाटतो.

खरी गल्लत होते ती "सिद्ध झालं" या शब्दांत. उपचारांचे दुष्परिणाम सुमारे ५० टक्के कमी होतात आणि कॅन्सर पुन्हा होण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटतं, असे दोन आकडे तेव्हा सांगितले गेले. दुष्परिणामांची चाचणी उंदीर आणि माणसं दोघांवर झाली होती. कॅन्सर रोखण्याची मात्र फक्त उंदरांवर, आणि माणसांवरच्या चाचणीला आणखी सुमारे पाच वर्षं लागतील हेही त्याच वेळी सांगितलं होतं. मेसेजमध्ये नेमकं हेच वाक्य गळलं. पुढे ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या कॅन्सरच्या १० रुग्णांना शस्त्रक्रियेआधी काही दिवस गोळ्या देऊन, न दिलेल्या १० जणांशी तुलना झाली. गाठीतली काही जैविक लक्षणं सौम्य झालेली दिसली. पण त्यावरून रुग्ण जास्त जगतो का, हे कळत नाही.

उंदरांत जमलेलं माणसांत का जमू नये? याचं उत्तर १९९०च्या दशकात मिळालं आहे. गाठीभोवतीचा, पेशींबाहेरच्या तंतूंचा बांध पोखरून कॅन्सर पुढे सरकतो. तो बांध पोखरणाऱ्या विकरांना (एन्झाइम्सना) अडवणारं मारिमास्टॅट हे औषध ब्रिटिश बायोटेक कंपनीने आणलं. अशा औषधांनी उंदरांत कॅन्सरचा फैलाव घटला होता. मग स्वादुपिंडाच्या, फुफ्फुसाच्या आणि पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर मोठ्या चाचण्या झाल्या. आयुष्य वाढलं नाही, उलट अनेकांचे सांधे दुखू लागले, आखडले. उंदराला कॅन्सरच्या पेशी कधी टोचल्या हे संशोधकाला ठाऊक असतं आणि औषध वेळेत सुरू करता येतं. माणसात मात्र निदान होईपर्यंत पेशी हाडांत, यकृतात जाऊन बसलेल्या असू शकतात.

"नैसर्गिक म्हणून अपाय नाही" हा दावा मला सगळ्यात घातक वाटतो. मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेतल्या कॅन्सरच्या रुग्णांना रोज ५ ग्रॅम रेस्व्हेराट्रॉल देऊन पाहिलं, तेव्हा काहींची मूत्रपिंडं निकामी झाली आणि चाचणी थांबवावी लागली. टाटाच्या अभ्यासांतले डोस याच्या तुलनेत खूपच कमी आहेत. पण जास्त घेतलं म्हणजे जास्त फायदा, असं समजून ऑनलाइन मिळणाऱ्या कॅप्सूल घेणाऱ्याला हा फरक कुणी सांगत नाही.

तांब्याच्या पाण्याचं तर उलटंच आहे. न्यूयॉर्कच्या वेल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात स्तनाच्या कॅन्सरच्या ७५ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात शरीरातलं तांबं *कमी* करणारं औषध दिलं होतं, कारण फैलावाला मदत करणाऱ्या काही विकरांना तांबं लागतं. तोही प्राथमिकच अभ्यास. पण ज्या धातूबद्दल संशोधक दोन विरुद्ध दिशांनी शोध घेत आहेत, तो घरच्या घरी उपचार म्हणून घ्या असं कोणत्या आधारावर सांगायचं? द्राक्षं आवडतात म्हणून जरूर खा. पण तोंडावाटे घेतलेलं बहुतेक रेस्व्हेराट्रॉल आतडी आणि यकृत लगेच बदलून टाकतात, मूळ रूपात रक्तात अगदी नगण्य पोहोचतं.

राहिला आरोप, की स्वस्त औषध दडपतात. हार्मोन पॉझिटिव्ह (हार्मोनवर वाढणाऱ्या) स्तनाच्या कॅन्सरमध्ये पुनरुद्भव रोखणारी टॅमॉक्सिफेनची स्वस्त गोळी जगभर डॉक्टर स्वतःच लिहून देतात. आणि त्याच डॉ. बडव्यांच्या नेतृत्वाखाली देशातल्या ११ केंद्रांवर लिग्नोकेनची चाचणी झाली. दात काढताना हिरडी बधिर करतात, तेच हे औषध. सुरुवातीच्या टप्प्यातल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये गाठ काढण्याच्या ७ ते १० मिनिटं आधी ते गाठीभोवती टोचलं. १,५८३ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. पाच वर्षांनी इंजेक्शन मिळालेल्यांपैकी ९०.१ टक्के हयात होत्या, न मिळालेल्यांपैकी ८६.४ टक्के. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. कुणीही दडपले नाहीत. घरात कुणाची अशी शस्त्रक्रिया ठरली असेल, तर सर्जनना या इंजेक्शनबद्दल आधीच विचारून घ्या.