गोठ्यातल्या प्रत्येकीचा चेहरा वेगळा असतो, तो फोटोत यायला हवा

आपल्याकडं जनावरांचे फोटो तीन कारणांनी निघतात. विकायचं असलं की आडवं उभं करून, चारी पाय आणि कास दिसेल असा. विम्यासाठी, कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर वाचता येईल असा. आणि पोळ्याला किंवा बेंदराला, झूल-बाशिंग-बेगड लावून. तिन्ही लागतात. पण ते जनावर स्वभावानं कसं होतं, हे त्यात कुठंच नसतं. बैल गेल्यावर घरचे मोबाइलमध्ये जो फोटो शोधतात, तो कधी काढलेलाच नसतो.

मेंढ्या सगळ्या सारख्याच, असं आपण सहज म्हणतो. केंब्रिजजवळच्या बाब्रॅहम संस्थेतल्या २००१ सालच्या अभ्यासात मेंढ्यांनी इतर ५० मेंढ्यांचे चेहरे फोटोवरून ओळखले आणि दोन वर्षांनंतरही ते त्यांच्या लक्षात होते. मेंढपाळाला हे कुणी सांगायची गरज नाही, तो हाक मारतो आणि नेमकी तीच मान वर करते. म्हणून कॅमेरा काढायच्या आधी राखणाऱ्याला विचारा, "हिची खोड काय?" "वासरू दिसल्याशिवाय पान्हा सोडत नाही", "कुट्टी टाकली की आधी शेजारणीच्या गव्हाणीत तोंड घालते", असं काहीतरी उत्तर येतं. फोटो त्याचाच काढायचा.

सगळ्यात मोठी चूक जवळ जाण्याची. मोबाइलची मुख्य लेन्स वाइड असते, दोन फुटांवरून गाय टिपली की नाक भोपळ्याएवढं आणि डोळे बारीक. अडीच-तीन मीटर मागे या आणि २एक्स किंवा ३एक्स झूम वापरा. मोठा कॅमेरा असेल तर ८५ ते १३५ मिलिमीटरची लेन्स. लेन्स जनावराच्या डोळ्याच्या उंचीवर हवी, म्हणजे शेळीसाठी गुडघे टेकायचेच. उभ्यानं वरून काढलेल्या फोटोत शेळीची फक्त पाठ आणि कान येतात.

मागचं धूसर करायच्या हौसेनं लोक अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र) एफ २ वर, म्हणजे खूप मोठं, ठेवतात. फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ८५ची लेन्स, अंतर अडीच मीटर, तर जेमतेम १० सेंटिमीटर खोली स्पष्ट येते. गाईचं तोंड समोरून त्यापेक्षा कितीतरी लांब. डोळा धारदार येतो आणि नाकपुडी विरघळते. छिद्र लहान करून एफ ८ ठेवा, ४० सेंटिमीटरच्या आसपास मिळतात. नाकाचा ओलावा, त्यावरच्या रेषा सोडायच्या नसतात. त्या रेषांची ठेवण प्रत्येक गुराची वेगळी असते, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी.

वेळ कोणती? चरून आल्यावर रवंथ करत बसतात ती. एक घास साधारण मिनिटभर चघळला जातो, मग गिळला जातो आणि काही सेकंद जबडा थांबतो. त्या थांब्यात डोळे अर्धे मिटलेले, कान सैल, चेहरा पूर्ण तिचा. लगेच मानेच्या डाव्या बाजूनं पुढचा घास वर चढताना दिसतो, कारण अन्ननलिका त्या बाजूला असते. डाव्या अंगाला बसा, दोन-तीन घास नुसते बघा, लय कळली की चौथ्याला बटण दाबा. जबडा चालू असताना काढलं तर तोंड वाकडं येतं. शटर १/२५० सेकंद तरी ठेवा, माश्यांमुळं कान सारखे हलत असतात. करडांना १/५०० सुद्धा कधी पुरत नाही.

उजेड गोठ्याच्या दारातला घ्या. जनावर उंबऱ्याच्या आत हातभर, तोंड बाहेर, मागे अंधार. मात्र पांढरी खिलार अशी अंधारासमोर उभी असली की कॅमेरा अंधाराला फसतो आणि तिचं अंग जळून कागदासारखं होतं, तिथं एक्सपोजर एक स्टॉप कमी करा, म्हणजे उजेड निम्मा. म्हशीनं अख्खी फ्रेम भरली असेल तरीही कमीच करा, नाहीतर काळी म्हैस राखाडी होते. म्हशीचा डोळा काळ्यात काळा. आकाशाचा ठिपका बुबुळावर पडेपर्यंत बाजूला सरकत राहा. पंढरपुरी म्हशीची तलवारीसारखी शिंगं फ्रेमबाहेर जाऊ देऊ नका. तेवढ्यासाठी आणखी दोन पावलं मागे या. फ्लॅश नको. बुजतात, आणि डोळ्यामागच्या चकाकत्या थरामुळं बुबुळं हिरवी-निळी पेटलेली येतात.

गुरांना जवळजवळ सगळीकडचं दिसतं, दिसत नाही ते बरोबर पाठीमागचं. म्हणून मागून जायचं नाही, खांद्याच्या बाजूनं तिरकं, बोलत जायचं. लाल शर्टाची भीती खोटी, त्यांना लाल रंग वेगळा कळतच नाही. फडफडणारी ओढणी मात्र बिचकवते. डोळ्याचं पांढरं जास्त दिसायला लागलं की ते जनावर घाबरलंय, थांबा. शेळी कळपातून एकटी बाहेर काढली तर ती ओरडत राहते आणि फोटोत फक्त तिची घालमेल येते. तिची जोडीदारीण तुमच्या मागे बांधा, नजर आपोआप लेन्सकडं येईल.

एक गोष्ट मनापासून खटकते. वरचा ओठ वळवलेल्या बोकडाचा किंवा रेड्याचा फोटो "हसतोय बघा" म्हणून फिरतो. तो हसत नसतो. मादीच्या मुताचा वास टाळूजवळच्या इंद्रियापर्यंत ओढून घेत असतो. माणसाचं हसू त्याच्या तोंडावर चिकटवलं की त्याचा स्वतःचा चेहरा बघायचा राहून जातो.

बैलांचे फोटो पोळ्याच्या दिवशी काढू नका, आदल्या संध्याकाळी खांदेमळणीला काढा. हळद आणि तूप लावताना जुवानं घट्टे पडलेला खांदा उघडा असतो, मालकाचा हात त्यावर असतो आणि बैल मान खाली सोडून उभा राहतो. शिंगांना अजून रंग नसतो, त्यामुळं एखाद्याचं तुटलेलं टोक दिसतं. जोडी एकत्र घ्यायची तर जुवाला जो डावीकडं तो डावीकडंच उभा करा. बाजू बदलली की दोघंही अस्वस्थ होतात, आणि मालकाला फोटो हातात घेतल्या घेतल्या काहीतरी चुकलंय हे कळतं.