टॉम आणि जेरीचा तो ‘शेवटचा एपिसोड’ शेवटचा नाही

दर काही महिन्यांनी एक मेसेज फिरून येतो. सोबत एक चित्र असतं: रेल्वेच्या रुळावर मान खाली घालून बसलेला टॉम आणि त्याच्या शेजारी जेरी. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच राहतो. हा ‘टॉम अँड जेरी’चा शेवटचा एपिसोड आहे, प्रेमात धोका मिळाल्यावर दोघांनी आत्महत्या केली, निर्मात्यांनी मालिका अशीच संपवली आणि मुलांच्या मनावर परिणाम होईल म्हणून तो दडवून ठेवला, असं त्यात सांगितलेलं असतं. चित्र खरं आहे. त्याखाली लिहिलेलं बहुतेक सगळं खोटं आहे.

आधी ‘शेवटचा’ हा दावा. चित्र ज्या लघुपटातलं आहे त्याचं नाव ‘ब्लू कॅट ब्लूज’. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी तो एमजीएम या अमेरिकी स्टुडिओसाठी केला आणि १६ नोव्हेंबर १९५६ रोजी तो अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्यानंतर महिनाही उलटला नव्हता तेव्हा, १४ डिसेंबरला, याच जोडीचा ‘बार्बेक्यू ब्रॉल’ आला. त्यात स्पाइक कुत्रा पिल्लाला शेगडीवर मांस भाजायला शिकवतोय आणि टॉम-जेरी त्याच्या बेताचा नेहमीप्रमाणे विचका करताहेत. दोघेही धडधाकट! हॅना आणि बार्बेरा यांनी एमजीएममध्ये या जोडीचे एकूण ११४ लघुपट केले. त्यात ‘ब्लू कॅट ब्लूज’ १०३वा, म्हणजे त्याच्यानंतर आणखी अकरा आले. त्यांतला शेवटचा ‘टॉट वॉचर्स’, १ ऑगस्ट १९५८चा. बाळ सांभाळायला ठेवलेली मुलगी फोनवर गप्पा मारत राहते आणि बाळ रांगत रांगत इमारतीच्या बांधकामावर पोचतं. भांडण बाजूला ठेवून मांजर आणि उंदीर मिळून त्याचा जीव वाचवतात. एमजीएममधल्या त्यांच्या कामाचा खरा शेवट हा आहे, आणि तो कुणी फॉरवर्ड करत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

‘मालिकेची कथा अशी संपली’ हे तर मुळातच टिकत नाही, कारण सलग कथा नव्हतीच. हे सहा-सात मिनिटांचे लघुपट थिएटरमध्ये मुख्य चित्रपटाआधी दाखवायला केलेले होते. एकात टॉम श्रीमंत घरातलं मांजर, दुसऱ्यात फ्रान्सच्या राजवाड्यातला पहारेकरी, तिसऱ्यात पियानोवादक. एकात झालेल्याचा पुढच्याशी काही संबंध नाही. मरणाचंही तसंच. १९४४च्या ‘माउस ट्रबल’च्या शेवटी टॉम ढगावर बसून वर निघून जातो, आणि त्या लघुपटाला ऑस्कर मिळालं. ‘हेवनली पस’ (१९४९) मध्ये तो स्वर्गाच्या दारात रांगेत उभा असतो. ‘द टू माउसकेटियर्स’मध्ये (१९५२) त्याचा शिरच्छेद होतो. हे सगळं ‘ब्लू कॅट ब्लूज’च्या आधीचं आहे. मेसेजचा तर्क लावला तर टॉम १९४४ मध्येच संपायला हवा होता.

आपल्याकडे या दाव्यावर चटकन विश्वास बसतो त्याचं कारण मला समजतं. १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आलं आणि आमच्या पिढीने ही जोडी टीव्हीवर पाहिली. तिथे १९४३चा लघुपट संपला की १९६५चा लागायचा. प्रदर्शनाचा क्रम, साल, दिग्दर्शक याकडे लक्ष द्यायचं कारणच नव्हतं. त्यात ‘ब्लू कॅट ब्लूज’ टीव्हीवर क्वचितच दिसला. न पाहिलेल्या गोष्टीला ‘दडवलेला शेवट’ म्हणणं सोपं जातं. पण दडवायचाच असता तर एमजीएमने तो थिएटरमध्ये लावलाच नसता.

आता आत्महत्येबद्दल, आणि इथे मी थोडं थांबून लिहितो. लघुपट उदास आहे, हे खरं. जेरी पुलावरून खाली रुळावर बसलेल्या टॉमकडे पाहत आपल्याला गोष्ट सांगतो. एरवी मुका असणारा जेरी इथे चक्क निवेदक आहे, आणि त्याला आवाज पॉल फ्रीज यांचा आहे. टॉम एका पांढऱ्या मांजरीच्या प्रेमात पडतो. तो फूल आणतो, तर बच नावाचा श्रीमंत बोका भलामोठा पुष्पहार पाठवतो. टॉमच्या अंगठीतला हिरा पाहायला भिंग लागतं, बचचा हिरा पाहायला वेल्डिंगचा मुखवटा. स्वतःला गहाण टाकून टॉम एक खटारा गाडी घेतो, तर बचची लांबलचक गाडी त्या खटाऱ्यावरूनच निघून जाते. पैशापुढे माणूस किती हतबल होतो, हे इतक्या थोड्या वेळात आणि इतक्या नेमक्या चढत्या क्रमाने मांडलेलं मी क्वचितच पाहिलं आहे. पुढे जेरीची मैत्रीणही दुसऱ्याशी लग्न करून जाते, तो टॉमशेजारी येऊन बसतो, रेल्वेची शिट्टी जवळ येते आणि लघुपट संपतो. पुढचं काही दाखवलेलं नाही. शेवट अंधारा आहे, सूचक आहे, पण ‘दोघे मेले’ हे वाक्य मेसेज लिहिणाऱ्याने जोडलेलं आहे. प्रेमभंग झालेल्या एखाद्या पोराच्या फोनवर हेच वाक्य ‘खरं प्रेम असंच संपतं’ अशा ओळीसोबत पोचतं, तेव्हा मला त्याची खरोखर काळजी वाटते.

काही मेसेजमध्ये निर्माता म्हणून वॉल्ट डिस्नीचं नाव असतं. डिस्नीचा या जोडीशी संबंध नाही. १९४० पासून ती एमजीएमची होती आणि तिथेच तिने सात ऑस्कर मिळवले.

राहता राहिलं निर्मात्यांनी मालिका संपवण्याचं. ती त्यांनी संपवलीच नाही. जुने लघुपट पुन्हा लावले तरी जवळपास नव्यांइतकेच पैसे मिळतात, हे एमजीएमच्या लक्षात आलं आणि १९५७ मध्ये स्टुडिओने आपला कार्टून विभागच बंद केला. हॅना आणि बार्बेरा यांची नोकरी गेली, त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि ते टीव्हीकडे वळले. टॉम-जेरी मात्र थिएटरमध्ये परतले: १९६१-६२ मध्ये जीन डाइच यांनी प्रागमध्ये तेरा लघुपट केले, १९६३ ते १९६७ या काळात चक जोन्स यांनी चौतीस. आणि २००५ मध्ये, वयाच्या नव्वदीत, खुद्द बार्बेरा यांनी या जोडीचा ‘द कराटे गार्ड’ सहदिग्दर्शित केला. त्यात जेरी कराटे शिकतो आणि टॉम मार खातो.