वेगाला मैदान द्या

सोलापूरच्या माझ्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा पुन्हा तोच वाद पेटला. रात्री विजापूर रोडवर पोरांनी गाड्यांची शर्यत लावली, त्याचा व्हिडिओ कुणीतरी टाकला होता. निम्मे म्हणाले, गाड्या जप्त करा. बाकीचे म्हणाले, तरुण रक्त आहे, चालायचंच. चालायचंच कसं? रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिक्षा व्हायलाच हवी. पण जप्तीनंतर त्या रक्ताचं काय करायचं, यावर कुणी बोललं नाही.

मी इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ राहतो. माझ्याकडे माझ्दाची जुनी एमएक्स-५ ही गाडी आहे, पहिल्या पिढीतली. दोनच सीट, १.६ लिटरचं इंजिन, वजन टनाच्या आत. वर्षातून दोन-तीनदा ती स्नेटर्टनच्या रेस ट्रॅकवर ‘ट्रॅक डे’ला नेतो, म्हणजे आपली गाडी ट्रॅकवर पळवायच्या दिवशी. दुसऱ्या महायुद्धात तिथे अमेरिकन बॉम्बर विमानांचा तळ होता, आता पावणेपाच किलोमीटरचा ट्रॅक आहे. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. फेरीची वेळ मोजायला मनाई असते. पुढच्याने वाट दिल्याशिवाय ओव्हरटेक नाही. सकाळी झेंड्यांचे अर्थ समजावतात, गाडीचा आवाज मोजतात आणि हेल्मेटशिवाय कुणाला आत सोडत नाहीत.

तिथे कोरम नावाचं लांबलचक उजवं वळण आहे. अ‍ॅक्सिलरेटर जरा सोडला की गाडीचं नाक आत येतं, दाबला की बाहेर सरकतं, आणि हे सगळं सीटमधून कमरेला कळतं. हलक्या गाडीचं सुख ते हेच. दुप्पट वजनाची गाडी तेवढ्याच वेगावरून थांबवायची तर ब्रेकना दुप्पट उष्णता सोसावी लागते. चार फेऱ्यांत ब्रेक ऑइल उकळून पेडल मऊ पडलेल्या जड गाड्या मी पाहिल्यात. माझी गाडी शेवटची फेरी सावकाश मारून गार करतो आणि त्याच टायरवर घरी येतो. परतताना ए-११ महामार्गावर कुणीही पुढे गेलं तरी काही वाटत नाही. हौस फिटलेली असते.

असा ट्रॅक सोलापुरात बांधा, असं मी म्हणणार नाही. नळाला चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या शहराने आधी पाणी मागावं. आणि जवळच्या नान्नज अभयारण्यातला माळढोक पक्षी दिसेनासा होत असताना आणखी माळरान डांबराखाली घालणं मला तरी सोसवणार नाही.

पण ऑटोक्रॉसला, म्हणजे शंकूंमधल्या वळणावळणाच्या वाटेने गाडी पळवायच्या खेळाला, डांबर लागत नाही. मुरमाचं सपाट मैदान, प्लास्टिकचे शंकू, एका वेळी एकच गाडी, हेल्मेट आणि बाजूला उभी अ‍ॅम्ब्युलन्स. वळणं जवळजवळ ठेवली की वेग आपोआप आवाक्यात राहतो. एफएमएससीआय ही आपल्या देशातली मोटरस्पोर्टची संघटना अशा स्पर्धांना मान्यता देते, नियम तयार आहेत. आणि गाडी? बाबांची मारुती ८०० आठवा. साधारण साडेसहाशे किलो, माझ्या माझ्दापेक्षा कितीतरी हलकी. जुळे सोलापूर भागात अशा अजून पुष्कळ दारात उभ्या असतील.

जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरच्या जत्रेला, मी येतोय. तोवर ग्रुपमधल्या कुणीतरी असं एक मैदान आणि जागा द्यायला तयार असलेला मालक शोधून ठेवा. शंकू आणि हेल्मेटचा खर्च माझ्याकडे.