बाथरूममधली बाळंतीण

घरात कोळी निघतो त्याचं मला एवढं काही वाटत नाही, घरात कोळ्यांबद्दल मतं असणारी माणसं निघतात त्याचं वाटतं. आम्ही ठाण्याला येऊरच्या पायथ्याशी तळमजल्यावर राहतो, त्यामुळे पावसाळा लागला की जंगलात जे जे ओलं होतं ते सगळं आमच्याकडे सुकायला येतं.

आता छताच्या कोपऱ्यातले ते लांब पायांचे मरतुकडे. झाडू लागला की अंगात आल्यासारखे जागच्या जागी घुमायला लागतात. त्यांची जळमटं बघून मावशी शांतपणे सांगतात, "ताई, ती कामात नाय धरलेली, दिवाळीला काढीन, वेगळे पैसे." छोटे उड्या मारणारे तर मला आवडतातच, एकदा मीटिंग चालू असताना एक लॅपटॉपवर येऊन कर्सरच्या मागे पळत होता, अख्ख्या टीममध्ये स्क्रीनवर लक्ष असलेला तो एकटाच.

पण गीझरमागचा तो वेगळा प्रकार होता. पाय धरून तळहाताएवढा, चपटा, तपकिरी. रात्री लाइट लावला आणि दोघंही जागच्या जागी थिजलो. मी नवऱ्याला हाक मारली, तो आला, म्हणजे पॅसेजपर्यंत आला, आणि तिथून मार्गदर्शन सुरू, "वरून डबा टाक, खालून कार्ड सरकव, घाबरू नकोस, तोच तुला घाबरलाय." मग तू ये ना पुढे, तुला बघून अजून घाबरेल! तर म्हणे माझ्या पायात स्लीपर नाहीये.

तेवढ्यात मुलगा मोबाइल घेऊन हजर. फोटो काढून जाहीर केलं की हा हंट्समन, हेटेरोपोडा व्हेनाटोरिया, जाळं लावून बसत नाही, रात्री फिरून शिकार करतो. या मुलाला स्वतःचे मोजे सापडत नाहीत. सासूबाईंनी त्यातलं आपल्या कामाचं तेवढं उचललं, "झुरळं खातो ना? मग राहू दे की, पेस्ट कंट्रोलवाल्यापेक्षा बरा." शेजारच्या काकूंचं सकाळी उलटंच, कोळी अंगावर मुतला की फोड येतात, गेल्या वर्षी तुझ्या नवऱ्याच्या मानेवर नव्हते का आले? आता ते फोड स्किनच्या डॉक्टरांनी बघितलेले, पावसाळ्यात ट्यूबलाइटला येणारा एक बारीक लालकाळा किडा असतो, तो मानेवर चिरडला की असं होतं म्हणाले, कोळ्याचा काही संबंध नाही. काकू म्हणाल्या, "डॉक्टरांना काय कळतंय."

तरी मी डबा घेऊन चढलेच स्टुलावर. जवळून बघते तर पोटाखाली पांढरी चपटी टिकली धरलेली. मुलगा खालून ओरडला, "आई थांब, अंड्यांची पिशवी आहे, म्हणजे ती मादी आहे!"

झालं. सासूबाई म्हणाल्या, "बाळंतीण आहे ती, अजिबात हलवायची नाही." माझ्या दोन्ही बाळंतपणांत मला एवढी विश्रांती मिळाल्याचं आठवत नाही, पण तिच्यासाठी बाथरूमच्या दाराला बाहेरून कडी लागली, गीझर बंद, आणि आम्ही सगळे उरलेल्या एका बाथरूमसमोर टॉवेल घेऊन लायनीत. नवऱ्याने ऑफिसला उशीर झाला म्हणून कुरकुर केली तर त्याला ऐकवलं गेलं की तुझ्या वेळी आम्ही नदीवर जात होतो.

हे किती चाललं असतं देव जाणे, पण एकदा जेवताना मुलगा सहज बोलून गेला की त्या पिशवीतून पिल्लं शेकड्याने निघतात. सासूबाईंचा घास हातातच राहिला.

"शेकड्याने म्हणजे?"

"म्हणजे दोनशे वगैरे पण असतील."

"आत्ताच्या आत्ता बाहेर ठेवून ये," त्या मला म्हणाल्या. मुलाला नाही, नवऱ्यालाही नाही. मला.

मग काय, स्टीलचा डबा आणि नवऱ्याच्या चुलतभावाची लग्नपत्रिका, जाड, सोनेरी बॉर्डरवाली, इतका उपयोग त्या लग्नाचा आजवर कुणाला झाला नसेल. डबा अलगद वरून ठेवला, पत्रिका खालून सरकवली, आत पायांचा खरखर आवाज, आणि मी श्वास रोखून कंपाउंडच्या भिंतीकडे निघाले. गेटवर वॉचमनकाका उभे. पत्रिका बघितली, डबा बघितला, एकदम हसून हात पुढे केला.

"लाडू का मॅडम?"