‘ओबामाकेअर फुकट’ या मेसेजबद्दल खुलासा

‘ओबामाकेअर आल्यापासून अमेरिकेत सगळ्यांना सरकारी विमा फुकट’ असा मेसेज फिरतोय. तसं नाही. ओबामाकेअर म्हणजे ओबामांच्या काळातला २०१०चा आरोग्य विमा कायदा. त्यानंतरही सरकारी मार्केटप्लेसवर (म्हणजे विमा विकत घ्यायच्या सरकारी बाजारावर) पॉलिसी विकतात त्या प्रामुख्याने खासगी कंपन्याच. सरकार उत्पन्न बघून हप्त्याचा काही भाग उचलतं. मेडिकेड ही गरिबांसाठीची सरकारी विमा योजना जवळजवळ मोफत आहे खरं, पण त्याचा विस्तार सगळ्या राज्यांनी केलेला नाही.

खरी मेख नोकरदारांची होती. नोकरीतल्या कंपनीचा विमा ‘परवडणारा’ ठरला, की मार्केटप्लेसवर अनुदान नाही. आणि तो परवडणारा आहे का, हे एकट्या कर्मचाऱ्याच्या हप्त्यावरून ठरायचं. बायकोमुलांना धरून हप्ता कितीही होवो, त्यांनाही अनुदान नाही! हा घोळ २०२३पासून सुटला. आणि हप्ता कमी म्हणून खूश होऊ नका: मार्केटप्लेसवरच्या कमी हप्त्याच्या ‘ब्रॉन्झ’ प्लॅनमध्ये विमा कंपनीने बिलं भरायला घेण्याआधी हजारो डॉलर स्वतःच्या खिशातून जाऊ शकतात.