पालकांनी तिकडे बसावे

इंग्लंडच्या मिडलंड्समधल्या एका शहरात गेल्या शनिवारी इटुकल्या पुतळ्यांच्या रंगकामाची स्पर्धा होती आणि मी रीतसर तिकीट काढून ती पाहायला गेलो होतो. दारावरच्या स्वयंसेविकेने माझ्या पिकलेल्या मिशीकडे पाहून अत्यंत प्रेमळपणे सांगितले, “पालकांसाठी खुर्च्या तिकडे आहेत, चहाही ठेवलेला आहे.” मी कोणाचाही पालक नसून स्वतः असले पुतळे रंगवतो, हे सांगेपर्यंत तिने माझ्या मागच्या माणसाच्या हातावर शिक्का मारलासुद्धा.

वास्तविक हा पोरखेळ नव्हे. 28 मिलिमीटरच्या, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढ्या योद्ध्याच्या चिलखतावर धातूच्या रंगाचा थेंबही न वापरता, केवळ करड्या-पांढऱ्या छटांनी पोलादाची चकाकी आणायची असते. त्यासाठी सायबेरियातल्या मुंगसासारख्या एका प्राण्याच्या शेपटीच्या केसांचे कुंचले मागवावे लागतात आणि त्यांच्या किमती घरात खऱ्या सांगता येत नाहीत. 1987 पासून चालत आलेल्या ‘गोल्डन डीमन’ या स्पर्धेत सर्वोत्कृष्ट ठरणाऱ्याला खरीखुरी, पूर्ण लांबीची तलवार मिळते. ती काही कोणी दप्तरात घालून न्यावी म्हणून देत नाही.

काचेच्या कपाटापुढे एक वयस्क गृहस्थ कपाळावर घड्याळजीचे भिंग चढवून उभे होते. उभे म्हणजे असे, की एक कोपर कपाटावर, दुसऱ्या हातात टॉर्च, आणि मागच्या रांगेचे अस्तित्व त्यांच्या गावीही नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी मान न वळवताच मला सुनावले, “या राक्षसाच्या डाव्या डोळ्याची बाहुली किंचित वर गेली आहे.” पेणच्या कारखान्यांत गणपतीच्या डोळ्यांची आखणी कसलेल्या हाताकडेच का जाते, हे मला ठाऊक असल्याने मी उत्साहाने म्हणालो, “डोळे मलाही फार छळतात.”

“मुलगा रंगवतो वाटतं?”

“नाही, मीच रंगवतो.”

“छान! मुलांच्या छंदात आईवडिलांनी असा भाग घ्यायलाच हवा. किती वर्षांचा आहे?”

मला मुलगा नाही, हे मी स्पष्ट इंग्रजीत सांगितले. त्यावर त्यांनी भिंग वर करून माझ्याकडे करुणेने पाहिले आणि “मुलीही हल्ली उत्तम रंगवतात” असा दिलासा दिला.

एवढे होऊनही कपाट दिसले असते तर मी सारे गिळले असते. पण अंगठ्याएवढ्या वस्तू गुडघ्याच्या उंचीवरच्या फळीत मांडून वरच्या दिव्याचा उजेड नेमका काचेवर पाडण्यात आयोजकांनी कोणते कौशल्य दाखवले, ते मला कळत नाही. ओणवे होऊन पाहावे तर राक्षसाच्या जागी स्वतःचेच टक्कल दिसते, आणि पुढचे लोक फोनवर फोटो काढता काढता जे दाखवतील तेवढेच दर्शन. फोटोच पाहायचे होते तर प्रवेशासाठी पैसे कशाचे घेतले? स्पर्धकांना निदान प्रमाणपत्र तरी मिळते. ज्यांच्या तिकिटांवर सभागृहाचे भाडे निघते, त्यांना काचेवर पडलेल्या उजेडाशिवाय काहीच मिळत नाही.

निघताना त्या गृहस्थांनी माझा दंड धरला आणि गंभीरपणे बजावले, “पोराला सांगा, रंगात पाणी जरा जास्त घाल. सगळे जाड थापतात.” माझे एकही काम न पाहता त्यांनी माझ्या नसलेल्या मुलाचा रंग जाड ठरवून टाकला होता.

मी म्हणालो, “सांगतो.”